काही लागलं तर सांगा

'काही लागलं तर सांगा हं!' हे वाक्य २०१६ सालच्या जुलै ते डिसेंबर या सहा महिन्यांत मी किती वेळा ऐकलं, त्याची मोजदाद नाही. जिन्यात ऐकलं, फोनवर ऐकलं, भाजीवाल्याच्या गाडीपाशी ऐकलं, बँकेतल्या रांगेतही ऐकलं. म्हणणाऱ्यांच्या मनात खोट नव्हती. कित्येकांचे डोळे ते म्हणताना पाणावलेले असत. पण हळूहळू माझ्या लक्षात आलं की, हे वाक्य बोलून माणूस निघून जातो आणि मागे राहिलेल्यावर आणखी एक काम टाकून जातो. काय लागतंय ते ओळखायचं, कुणाला सांगायचं ते ठरवायचं आणि मग संकोच गिळून सांगायचं! ज्या घरात मोठं आजारपण आहे, त्या घरातल्या बाईकडे नेमकी याच कामासाठी ताकद उरलेली नसते. खरं तर हे मला फार आधी कळायला हवं होतं. कारण हेच वाक्य मीही एकदा बोलले होते आणि निघून गेले होते. ते पुढे येईलच.

यांच्या मानेवर गाठ आहे हे पहिल्यांदा लक्षात आलं, ते दाढी करताना. दुखत नव्हती, म्हणून कुणी मनावर घेतली नाही. न दुखणाऱ्या गाठीकडे जास्त लक्ष द्यायचं असतं, हे शहाणपण नंतरचं. रात्री घामाने बनियन भिजायचं, तेव्हा आम्ही म्हटलं, उकाडा आहे. पँटचा पट्टा दोन भोकं आत गेला, तेव्हा म्हटलं, निवृत्त झाल्यापासून फिरणं वाढलंय. माणूस स्वतःची समजूत किती सहज घालतो! अखेर गाठीचा तुकडा तपासायला गेला आणि अहवाल आला, लिम्फोमा. म्हणजे लसिकाग्रंथींचा कॅन्सर. "हा बरा होण्यासारख्या प्रकारांपैकी आहे," असं डॉक्टर सांगत होते म्हणे. 'म्हणे' अशासाठी की, हे वाक्य मुलीने ऐकलं. मी फक्त एकच शब्द ऐकला होता.

आम्ही डोंबिवलीचे. उपचार परळच्या टाटा रुग्णालयात घ्यायचे ठरले. १९४१ सालच्या फेब्रुवारीत सर दोराबजी टाटा ट्रस्टने सुरू केलेलं आणि १९६२ पासून केंद्राच्या अणुऊर्जा विभागाकडे असलेलं हे रुग्णालय. नाव आपण सगळ्यांनीच ऐकलेलं असतं, पण आत पाऊल टाकेपर्यंत त्याचा अर्थ कळत नाही. मला वाटलं होतं, तिथे रडारड असेल. तसं काही नव्हतं. तिथे होती गर्दी, एखाद्या जंक्शन स्टेशनवर असावी तशी. बिहारचे, बंगालचे, आसामचे, आपल्या विदर्भ-मराठवाड्यातले लोक, प्रत्येकाच्या काखेत फाइल आणि हातात पिशवी. बाहेरच्या फूटपाथवर चटया टाकून राहिलेली कुटुंबं. त्यातल्या काहींना दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळे, काहींना जवळच्या नाना पालकर स्मृती समितीच्या रुग्णसेवा सदनात. ज्या गाडगेबाबांनी आयुष्यभर गोरगरिबांसाठी धर्मशाळा बांधल्या, त्यांना जाऊन इतकी वर्षं झाली तरी त्यांच्या नावाच्या छपराखाली कुणाचा तरी नवरा, कुणाचं तरी मूल रात्री पाठ टेकतंय, हे पाहून माझी मान आपोआप लवली. आपलं घर तासाभराच्या लोकलवर आहे, ही केवढी श्रीमंती आहे, तेही तिथेच समजलं.

पहिल्याच दिवशी रांगेत शेजारी परभणीकडची एक बाई बसली होती. तिच्या नवऱ्याच्या तोंडाचं ऑपरेशन व्हायचं होतं. ती महिनाभर आधीपासून तिथे होती, म्हणजे माझी सीनियरच. "ताई, समद्या कागदांच्या दोन-दोन झेरॉक्सा करून ठेवा. पाण्याची बाटली अन् चादर जवळ ठेवा. अन् तुमी दोन घास खाऊन घ्या, न्हाई तर तुमीच आडव्या व्हाल," तिने मला सांगितलं. कुणी विचारलं नव्हतं, तरी तिने सांगितलं. त्या दिवसाची खरी मदत तीच होती.

यांना एकवीस-एकवीस दिवसांच्या अंतराने सहा केमो द्यायच्या होत्या. पहिली २० जुलैला. केमो म्हणजे काय, हे मी तोवर फक्त हिंदी सिनेमात पाहिलं होतं. सोप्या शब्दांत सांगायचं तर कॅन्सरच्या पेशी झपाट्याने वाढतात, म्हणून झपाट्याने वाढणाऱ्या पेशींवर ही औषधं घाव घालतात. पण केसांची मुळं, तोंडाच्या आतलं अस्तर, आतडी आणि हाडांच्या आतला मगज इथल्या पेशीही झपाट्याने वाढणाऱ्याच. शत्रूबरोबर त्यांनाही मार बसतो. म्हणून केस जातात, तोंड येतं, अन्नाची चव जाते आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होतात. यांच्या औषधांमध्ये एक लालभडक इंजेक्शन होतं, सरबतासारखं दिसणारं. ते घेतल्यावर लघवीलाही लाल रंग येतो, हे नर्सबाईंनी आधी सांगितलं नसतं तर त्या रात्री आम्ही घाबरूनच मेलो असतो. आणखी एक महागडं औषध होतं, रिटुक्सिमॅब. ते २००७ साली भारतात देशी बनावटीचं निघालं, त्यामुळे निदान आमच्यासारख्यांनी हिशेब मांडून बघावा इतपत तरी त्याची किंमत खाली आली होती.

भिंतीवरच्या कॅलेंडरवर मी दर एकवीस दिवसांनी लाल गोल केले. पहिली फेरी झाल्यावर त्या एकवीस दिवसांचा स्वभाव कळला. पहिले पाच दिवस स्टिरॉइडच्या गोळ्या, तेव्हा झोप नाही आणि भूक मात्र राक्षसासारखी. गोळ्या थांबल्या की एकदम गळाठा. दहाव्यापासून चौदाव्या दिवसापर्यंत पांढऱ्या पेशी तळाला गेलेल्या, त्या दिवसांत कच्ची कोशिंबीर नाही, बाहेरचं पाणी नाही, सर्दीवाला माणूस उंबऱ्याच्या आत नाही. तिसऱ्या आठवड्यात मात्र माणूस पुन्हा माणसात येतो. चहा मागतो, पेपर मागतो, चिडवतो. आणि तोवर पुढचा लाल गोल येतो.

आता गंमत पाहा. भेटायला येणारे सगळे आले ते पहिल्या फेरीच्या पहिल्या आणि दुसऱ्या आठवड्यात. म्हणजे ज्यांनी यायला नको, त्या दिवसांत! कुणी सफरचंदं आणली, कुणी शहाळी. कुणी गव्हांकुराच्या रसाची कृती लिहून आणली, कुणी मोबाइलवरून लक्ष्मणफळाचे चमत्कार पाठवले. पेशी कमी असताना कच्चे रस द्यायचे नाहीत असं डॉक्टरांनी बजावलं होतं, पण ते पाहुण्यांना सांगायचं म्हणजे त्यांच्या प्रेमाचा अपमान. एक गृहस्थ तर यांच्यासमोर बसून, आपला मेहुणा याच आजाराने कसा गेला, ते तपशीलवार सांगून चहा पिऊन गेले. आणि तिसऱ्या आठवड्यात, जेव्हा यांना गप्पा मारायला कुणीतरी हवं होतं, तेव्हा बेल वाजायची बंद झाली होती.

घरातही सगळं आलबेल नव्हतं. यांना प्रत्येक पदार्थाला लोखंडाची चव लागायची. एके दिवशी मी तीन तास खपून केलेली मुगाची खिचडी यांनी एका घासात बाजूला सारली आणि मी न्हाणीघरात नळ सोडून रडले. मुलगा अमेरिकेत. तो रात्री फोन करायचा आणि इंटरनेटवर वाचलेलं मला समजावून सांगायचा. त्याचं चुकत नव्हतं. इतक्या लांबून त्याला दुसरं काय देता येणार? मुलगी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. ती सगळं निमूटपणे करत होती. एका रात्री मी तिला औषधांच्या वेळा सांगत होते, तेव्हा ती म्हणाली, "आई, बाबांच्या गोळ्यांशिवाय दुसरं काही बोलशील का माझ्याशी? आज माझी कॅम्पस मुलाखत होती." ती मुलाखत कधी ठरली, कधी झाली, तिने कुठले कपडे घातले, मला काही म्हणजे काही माहीत नव्हतं. आजार एकाला होतो आणि घरातली बाकीची माणसं हळूहळू अदृश्य होत जातात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

सासूबाई तेव्हा ब्याऐंशी वर्षांच्या. त्यांना सांगायचं नाही, असं आम्ही सर्वानुमते ठरवून टाकलं होतं. मानेत गळू झालंय, त्याची औषधं चालू आहेत, एवढंच. यांचे केस गेले तेव्हा 'उष्णतेने गेले' असं सांगितलं. त्यावर त्या काही बोलल्या नाहीत. एका दुपारी मी पोळ्या करत असताना ओट्यापाशी स्टूल ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "अगं, याच्या वडलांच्या वेळी आम्हीही असंच केलं होतं. 'मोठा आजार' म्हणायचो. त्यांना वाटायचं आम्हाला माहीत नाही, आम्हाला वाटायचं त्यांना माहीत नाही. शेवटपर्यंत कुणी कुणाशी बोललंच नाही. तुम्ही तसं करू नका." तव्यावरची पोळी करपली. पण त्या दिवसापासून घरात तो शब्द मोकळेपणी बोलला जाऊ लागला आणि बोलल्याने आजार काही वाढला नाही. उलट सासूबाई संध्याकाळी लेकाच्या गुळगुळीत डोक्यावरून हात फिरवत म्हणायच्या, "जावळ काढलं तेव्हा असाच दिसायचास." हे हसायचे.

आता मी ज्याचा उल्लेख केला, त्या माझ्या वाक्याबद्दल सांगते. माझी नोकरी फोर्टमधल्या एका कार्यालयात. वर्षानुवर्षं सकाळच्या एकाच फास्ट लोकलच्या एकाच लेडीज डब्यात आम्ही नऊजणी. लोकलचा ग्रुप म्हणजे काय, हे मुंबईकर बायकांना सांगायला नको. दसऱ्याला डब्याला झेंडूची तोरणं, श्रावणात फराळाची देवाणघेवाण, परतीच्या प्रवासात मांडीवर मेथी निवडणं आणि सासू-सुनांपासून प्रॉव्हिडंट फंडापर्यंत सगळ्या चर्चा. त्यातली एक माझी खास मैत्रीण. तिला वाऱ्याशिवाय चालत नसे, म्हणून आम्ही तिला 'खिडकीवाली' म्हणायचो.

२०११ साली तिच्या नवऱ्याला पोटाचा कॅन्सर झाला. तिने मला सांगितलं ते दादरच्या फलाटावर, गर्दीत, माझा हात धरून. मी म्हटलं, "काही लागलं तर सांग हं." आणि मग मी एकदा, फक्त एकदा, सफरचंदं घेऊन तिच्या घरी गेले. पाऊण तास बसले. तिच्या नवऱ्याकडे नीट पाहूही शकले नाही. औषधांचा वास, ओढलेले पडदे, काय बोलावं ते सुचत नव्हतं. पुन्हा जायचं जायचं म्हणत राहिले. मुलीची दहावी, घरचं लग्न, पावसाळा, कारणांना काय तोटा? पुढच्या वर्षी ते गेले. ती कामावर परत आली तेव्हा आमच्या डब्यात चढली नाही, पुढच्या डब्यात चढली. मी स्वतःला सांगितलं, तिची वेळ बदलली असेल. वेळ बदलली नव्हती. रोज मला ती फलाटावर दिसत होती.

यांच्या पहिल्या केमोनंतर आठव्या दिवशी दारावरची बेल वाजली. दारात खिडकीवाली. हातात फळं नव्हती, फुलं नव्हती. एक डिजिटल थर्मामीटर आणि एक दोनशेपानी वही. चपला काढल्या, सरळ बेसिनपाशी जाऊन साबणाने हात धुतले आणि मग म्हणाली, "दिवसातून तीनदा ताप बघायचा आणि यात लिहायचा. शंभर पॉइंट चारच्या वर गेला तर तापाची गोळी देऊन घरी बसायचं नाही, रात्र असो की दिवस, लगेच दवाखाना. जवळच्या कुठल्या दवाखान्यात दाखल करायचं ते डॉक्टरांना आजच विचारून ठेव. आणि मी मंगळवारी नि शुक्रवारी येईन, सहा ते आठ. तू झोपायचं." मी काहीतरी बोलायला गेले. ती म्हणाली, "झोपायचं म्हणजे झोपायचं. कपड्यांच्या घड्या घालायच्या नाहीत."

त्या शुक्रवारी मी दोन तास झोपले. महिन्याभरातली पहिली झोप. उठले तर हे आणि ती पत्ते खेळत होते.

बाकीच्या ग्रुपला कामाला लावलं तेही तिनेच. पाच वर्षांनी आमच्या डब्यात चढली आणि वेळापत्रक करून दिलं. एकीने आठवड्याची भाजी परतीच्या गाडीत निवडून, चिरून, डब्यात भरून द्यायची, दुसरीने लाइटचं बिल आणि गॅसचं बघायचं. तिसरीचा मुलगा रक्तपेढीत नेता येईल अशा मित्रांची यादी करणार. चौथीने दर रविवारी माझ्या मुलीला बाहेर न्यायचं, सिनेमाला, कपडे घ्यायला, कुठेही, पण आजाराचं नाव काढायचं नाही. हे ऐकलं तेव्हा मला समजलं, माझी मुलगी अदृश्य झाली होती हे तिला मला न भेटताच ठाऊक होतं. तिलाही एक मुलगी आहे.

तिसरी केमो ३१ ऑगस्टला झाली. १० सप्टेंबर म्हणजे अकरावा दिवस. त्याच संध्याकाळी गौरी-गणपतींचं विसर्जन झालं होतं, रस्त्यावर गुलाल आणि चिखल. रात्री एक वाजता हे कुडकुडायला लागले. थर्मामीटरवर एकशे एक पॉइंट सहा. वहीत आकडा लिहिला आणि कुणाला फोन करावा याचा विचारसुद्धा न करता तिला केला. वीस मिनिटांत ती रिक्षा घेऊन खाली उभी होती. मुलीला आजीपाशी ठेवून आम्ही निघालो. दवाखान्यात रक्त तपासलं, पांढऱ्या पेशी सहाशे. एरवी निरोगी माणसाच्या चार हजारांच्या वर असतात. प्रतिजैविकांची सलाइन लागली. "वेळेवर आणलंत," डॉक्टर म्हणाले, "सकाळपर्यंत थांबला असतात तर कठीण होतं."

पहाटे तीन-साडेतीनला आम्ही दोघी बाहेर बाकड्यावर बसलो होतो. मला राहवलं नाही. म्हटलं, "तुझ्या वेळी मी आले नाही. एकदाच आले. मला माफ कर." आता सिनेमात असतं तर तिने मला मिठी मारली असती. ती समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाली, "राग होता. पुष्कळ वर्षं होता. अजूनही थोडा आहे. पण तुझ्या घरी काय काय लागणार ते मला माहीत होतं, आणि माहीत असून घरी बसवेना. रागाचं आपण नंतर बघू. तू चहा घे." मशीनचा तो पांचट चहा मी घेतला. इतका खरा माणूस मला आयुष्यात दुसरा भेटला नाही.

त्या तापामुळे चौथी केमो आठवडाभर पुढे गेली. दिवाळीत पाचवीचा बारावा दिवस होता, खिडक्या लावून आम्ही लक्ष्मीपूजन केलं. सहावी आली ९ नोव्हेंबरला. तारीख वाचकांच्या लक्षात असेल. आदल्याच रात्री आठ वाजता पाचशे-हजारच्या नोटा रद्द झाल्याची घोषणा झाली होती आणि माझ्या पाकिटात सगळ्या पाचशेच्याच होत्या. दुसऱ्या दिवशी बँका बंद, एटीएम बंद. जाताना लोकलने जायचं, अपंगांच्या डब्यात कर्करुग्णांना मुभा असते, पण केमो झाल्यावर यांना गाडीच्या गर्दीत उभं करणं शक्य नसे. दादरपासूनची आणि परतीची टॅक्सी ठरलेली. टॅक्सीवाला पाचशेची नोट घेणार नव्हता. रात्रभर तोच घोर. सकाळी फलाटावर पोचलो तर आमच्या नऊजणींपैकी सात आणि पुढच्या डब्यातल्या दोन-तीन अनोळखी बायका उभ्या. एका रुमालात बांधलेल्या दहाच्या, वीसच्या, पन्नासच्या, शंभरच्या नोटा, काही नाणी. दोन हजार सातशे चाळीस रुपये! कुणाच्या मुलाचा गल्ला फुटला होता, कुणाची देवापुढची दक्षिणा आली होती. गाडी आली, त्या चढल्या, आणि आम्ही आमच्या डब्याकडे वळलो. कुणीही 'काही लागलं तर' म्हटलं नाही. हिशेब वहीत लिहिला आहे. जानेवारीपर्यंत एकेकीचे परत केले, दोघींनी घेतले नाहीत.

एक गोष्ट मात्र मनात सलत होती. यांचा तीस वर्षांचा मित्र, एकाच कचेरीतला, रोज सकाळी बरोबर फिरणारा, आजार कळल्यावर एकदाही आला नाही. फोनसुद्धा नाही. मी त्याच्यावर इतकी संतापले होते की त्याचं नाव घरात घेऊ देत नव्हते. डिसेंबरअखेर यांचं स्कॅन झालं, आजाराचा मागमूस उरला नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी हे टोपी घालून, काठी घेऊन निघाले. "अहो, कुठे?" "त्याच्याकडे." मी भांडले. म्हटलं, जो संकटात आला नाही त्याच्याकडे तुम्ही का जायचं? हे चपला घालत म्हणाले, "तो घाबरला होता. मीही घाबरलो होतो. मला पळायला जागा नव्हती, एवढाच फरक." मग जरा थांबून म्हणाले, "आणि कुणी एकदा घाबरला म्हणून त्याला कायमचं टाकायचं ठरवलं असतं, तर थर्मामीटर कुणी आणलं असतं?" मी गप्प बसले. बोलायला काही शिल्लकच नव्हतं. मी आणि तो मित्र एकाच माळेचे मणी होतो. फरक इतकाच की, मला वाट पाहणारं कुणीतरी भेटलं होतं.

त्या परभणीच्या बाईचंही सांगायला हवं. पहिल्या दिवशी निघताना मी तिच्या फाइलच्या मागे माझा फोन नंबर लिहिला आणि सवयीने म्हणून गेले, "काही लागलं तर फोन करा." दुसऱ्या केमोपर्यंत खिडकीवालीने माझी शिकवणी घेतलेली असल्यामुळे जरा अक्कल आली होती. तिचा नवरा नळीतून पातळ अन्न घेत होता, पण तिचं स्वतःचं काय? मग दर केमोच्या दिवशी मी तिच्यासाठी डबा नेऊ लागले, भाकरी, पिठलं, ठेचा. ती म्हणायची, "ताई, ठेचा कमी तिखट है." सप्टेंबरअखेरपर्यंत ती भेटत होती. ऑक्टोबरच्या खेपेला डबा तसाच परत आला. तिचा नंबर मी घेतला नव्हता. माझा दिला होता, तिचा घेतला नव्हता. ही चूक आजही बोचते.

आज यांना नऊ-दहा वर्षं झाली, ठणठणीत आहेत. आम्ही नशीबवान निघालो, सगळेच निघत नाहीत, आणि खिडकीवालीच्या घरी सेवा काही कमी झाली नव्हती. म्हणून मी कुणाला 'धीर धरा, सगळं चांगलं होईल' असं सांगत नाही. ते आपल्या हातात नसतं. आपल्या हातात असतो तो मंगळवारचा एक डबा, शुक्रवारचे दोन तास. काय करू असं विचारण्यापेक्षा, मी अमुक करते, चालेल का, असं विचारावं. नको म्हणायचा हक्क त्यांना ठेवावा. सर्दी असेल तर जाऊ नये. गेलेल्यांच्या गोष्टी सांगू नयेत. आणि पहिल्या आठवड्यातली गर्दी ओसरली की तिसऱ्या महिन्यात आठवणीने जावं, कारण तोवर बाकीचे विसरलेले असतात.

हे लिहायचं कारण वेगळंच आहे. गेल्या महिन्यात आमच्याच इमारतीत, दोन मजले खाली, एका घरात हे दुखणं आलं. बाई माझ्याहून पुष्कळ लहान, पदरी शाळेत जाणारी दोन मुलं. जिन्यात भेटली. चेहरा ओळखीचा होता. तिचा नव्हे, माझाच, २०१६ सालचा. माझ्या तोंडून सवयीने निघालंच, "काही लाग..." आणि मी जीभ आवरली.

म्हटलं, "बुधवारी दोन्ही वेळचा डबा मी आणते. मुलांना तिखट चालतं का?"

ती क्षणभर बघत राहिली. मग म्हणाली, "काकू, बुधवारी नको. बुधवारी आम्ही तिथेच असतो. गुरुवारी आणाल?"

घरी येऊन कॅलेंडरवर सगळ्या गुरुवारांना गोल केले.